पोचल्याचा फोन येईपर्यंत

मी पहिल्यांदा अमेरिकेला निघाले त्या सकाळी आमच्या घरात जो पसारा होता, तो अव्वानं एरवी घटकाभरही खपवून घेतला नसता. निरोप द्यायला अख्खी गल्ली आलेली. ओटीतले सांडलेले तांदूळ, उष्टे कप, सुतळीचे तुकडे, कुणाच्या तरी पोरांनी शेंगा खाऊन टाकलेली टरफलं. अव्वा, म्हणजे माझी आई, हे सगळं ओलांडत माझ्यामागे अंगणात आली. कपाळाला इबित, म्हणजे विभूती, लावलं आणि म्हणाली, "जाते म्हनू न्हाई. येते म्हन." अप्पा किराणा दुकानाला कुलूप लावून मला अहमदपूरच्या स्टँडपर्यंत सोडायला आले. सारा रस्ता ते शेजारच्या माणसाशी तुरीच्या भावावर बोलत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

माणूस गावाला गेलं की त्याच्यामागं लगेच घर झाडायचं नाही, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. बाकीच्या बायका तासाभरानं केरसुणी घेतात. अव्वाचा नियम कडक. माणूस पोचल्याचं कळल्याशिवाय केराला हात लावायचा नाही. शेजारच्या चाकूरला जाणाऱ्यासाठी हे ठीक होतं, पण मला पोचायला दोन दिवस लागले. फोन केला तर म्हणाली, "पोचलीस का? बरं झालं बाई, लई घाण झालती," आणि फोन चालू असतानाच केरसुणीचा आवाज सुरू झाला. लोकांच्या आया अशा वेळी रडतात. आमची झाडते. मला तो आवाज ऐकून फार बरं वाटलं होतं.

पुढं काही वर्षांनी एका पावसाळ्यात नदी आमच्या गल्लीत शिरली. दुकानातला माल गेला. त्याहून वाईट म्हणजे मागच्या खोलीच्या भिंती, ज्या मातीच्या होत्या आणि ज्यांवर मातीचंच माळवद होतं, कंबरेपर्यंत भिजल्या. पाणी ओसरलं आणि दवंडीसारखी बातमी फिरली की पंचनाम्याला साहेब येणार. गल्लीतल्या शहाण्या बायांनी चिखल होता तसा ठेवला. अव्वानं पहाटे उठून घर धुतलं. भिंतींना चुन्याचा हात मारला, सडा घातला, रांगोळी काढली, शेजारून कोरडी सतरंजी आणून अंथरली. "साहेब लोकं घरी यायलेत, अन् त्यायला चिखलात बसवू काय?" साहेब बसले, चहा प्याले, घर छान ठेवलंय म्हणाले आणि नुकसान किरकोळ असं लिहून पुढच्या घरी गेले.

अप्पा मला फोनवर म्हणाले, "तुझ्या अव्वानं सरकारला चहा पाजला अन् समदं नुकसान धुऊन काढलं." मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग त्या भिंतीखाली दोघं झोपतात हे आठवलं आणि हसू गेलं. भिंत पाडून नवी बांधणं अप्पांच्या आवाक्यातलं नव्हतं आणि लेकीचा पैसा घराला लावायचा नाही हा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, मग दोघं इकडेच या, कायमचे. अव्वा म्हणाली, "अन् तिथं पोचल्यावर हितलं कोन झाडल?" तुमच्यापैकी परदेशी गेलेल्या कुणाकडे याला उत्तर असेल तर कळवा.

मी अमेरिकेत राहते ते गाव समुद्राच्या खाडीवर आहे. गेल्या वर्षी तिथं चक्रीवादळ आलं. मी वेळेवर बाहेर पडले, परत आले तेव्हा घरात गुडघाभर पाणी येऊन गेलेलं. झाडं आडवी, वीज नाही आणि फडताळात मासळीचा वास. सरकारी तपासणीस येणार असा निरोप आला. आणि मी काय केलं? पाण्याची एक बाटली मिळत नव्हती तिथं कुठून कुठून बादल्या आणून मी फरशी घासायला घेतली.

शेजारच्या मिस डोरिस सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. अशी तीन वादळं बघितलेल्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या हातातला मॉप काढून घेतला. म्हणाल्या, "अगं पोरी, त्यांना बघू तरी दे." मग त्यांनीच माझ्या गाद्या, गालिचे बाहेर ओढून रस्त्याच्या कडेला ढीग लावला. सगळ्या रस्त्याभर प्रत्येक घरापुढं तसे ढीग होते. घरातलं सगळं वाटसरूंसमोर मांडलेलं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये अधिकाऱ्यांनी सभा घेतली. मी मागच्या बाकावर बसले आणि पाचेक मिनिटांत मला चाकूरच्या तहसीलच्या आवारात बसल्यासारखं वाटायला लागलं. एक जण ओरडत होता की फोटो पाठवून पाठवून थकलो. एक बाई म्हणत होती, श्रीमंतांच्या किनाऱ्यावर वीज आधी कशी आली? एक म्हातारा उभा राहून म्हणाला की पाणी वाटणारी ती सैनिक पोरं दोन दिवस झोपली नाहीत, त्यांना तरी शिव्या देऊ नका. मग पुन्हा ओरडा. निळ्या जाकिटातला अधिकारी प्रत्येकाला "नोंद घेतो" म्हणत होता, तेही अगदी आपल्याकडच्या सुरात. इतक्या वर्षांत त्या देशात मला पहिल्यांदाच सगळं कळत होतं.

तपासणीस आला तेव्हा डोरिसबाई माझ्या आधी पुढं झाल्या. भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवून म्हणाल्या, ही पोरगी घासत बसते, तिच्या फरशीच्या चकाकीवर जाऊ नका. मदत मिळाली, उशिरा आणि कमी, पण मिळाली. अव्वाला सगळं सांगितलं तर तिनं विचारलं, "चहा तरी पाजलास का त्या मानसाला?"

डोरिसबाईंनी केलं तेच तिकडे आमच्या गल्लीतल्या बायकांनीही केलं होतं, हे मला यंदाच्या हिवाळ्यात घरी गेले तेव्हा कळलं. ज्या अव्वाला घर धुतलं म्हणून हसल्या होत्या, त्याच तहसीलला जाऊन सांगून आल्या होत्या की त्या बाईला घाण बघवत न्हाई, म्हनून तिची भिंत धड हाय असं न्हाई. फेरतपासणी व्हायची होती. तारीख कुणालाच माहीत नव्हती. मी होते तेवढे दिवस मागची खोली आरशासारखी लख्ख असायची. भिंतीतून रात्रभर माती झरते आणि अव्वा ती उजाडायच्या आत झाडून काढते, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. राहू दे म्हटलं तर म्हणायची, "घरात माती ठिवून बसू काय?" रात्री मी वर माळवदाकडे बघत पडून राहायचे. मला भीती वाटायची, खरं सांगते.

निघताना तोच पसारा, तेच इबित. दोन दिवसांनी इकडचं दार उघडलं आणि बूटही न काढता फोन लावला. इकडे मध्यरात्र, तिकडं सकाळ उलटून चालली होती.

"अव्वा, मी..."

"थांब," ती कुजबुजली. "साहेब आलेत. पोचले म्हनू नको आत्ताच."

तिनं फोन तसाच कुठंतरी ठेवला. मला पावलं ऐकू आली, मग पुरुषाचा आवाज. "आजी, ही एवढी माती कुठली?"

"भिंतीची हाय, साहेब. रोज पडती."

"रोज एवढी?"

"न्हाई, ही दोन दिसाची. रोजची झाडून काढते मी."

"मग आज का नाही काढली?"

"लेक गेलीया अमेरिकेला. अजून पोचल्याचं कळलं न्हाई."

मग मोजपट्टी ओढल्याचा आवाज आला आणि कुणीतरी "हे तर राहण्यालायकच नाही" असं म्हणालं. भिंत मंजूर झाली ती पुढं, सरकारी चालीनं. पायाचं काम आता सुरू आहे. पण त्या रात्री मी माझ्याच दारात बूट घालून, श्वास रोखून उभी होते. लोक विचारतात तुझं घर आता कुठलं. मी पोचेपर्यंत जिथला केर तसाच पडून राहतो, ते माझं घर. दुसरं काही मला सांगता येत नाही.

बऱ्याच वेळानं अव्वानं फोन उचलला. "गेले बाई. हां, आता पोच."

"पोचले," मी म्हटलं. तिकडं केरसुणी सुरू झाली आणि इकडे मी बूट काढले.