गोल फिरणारी शिट्टी

ती घटना मला आठवावी लागत नाही. विसरायचा प्रयत्न केला, तेव्हाही ती जागची हलली नाही. सरकारी कागदांत तिच्यावर ‘उत्तम तपास’ असा शेरा आहे. त्या तपासात मी एक गोष्ट दडवली. त्यातले कुणी आता हयात नाही, मीच उरलो आहे. नावे कुणाचीच देत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी सातारा जिल्ह्यात, कडेगावच्या बाजूला फौजदार होतो. चळवळीचे दिवस होते. आज तारा तुटायच्या, उद्या चावडी जळायची. ठाण्यातले निम्मे शिपाई कायम बाहेर. अशात एका गावच्या पोलीस पाटलाची वर्दी आली, की टांग्याखाली सापडून एक शेतकरी मेला. मी पोचेपर्यंत गर्दीने रस्ता तुडवला होता, चाकांचा माग राहिला नव्हता. अपघात म्हणून पंचनामा केला.

चार दिवसांनी बाजारात आमचा खबऱ्या भेटला.

“साहेब, त्यो अपघात न्हाई. टांगेवाला आन मेलेला चुलतभाऊ हायती. हिरीच्या पाण्यावरनं लय वैर. सुभेदारास्नी इचारा, त्येंनी बघितलंय.”

सुभेदार म्हणजे पहिल्या महायुद्धातून आलेले पेन्शनर. दुपारी रस्त्याकडेला स्वतःच्या ओट्यावर बसत. त्यांनी न अडखळता जबाब दिला. “टांगा माझ्या उजवीकडनं आला. मधनंच येत हुता. बरोबर माझ्या म्होरं आला आन पल्याडच्या कडंला वळला. तिथं ह्यो हुता. घातला त्येच्या अंगावर.”

मी टांगेवाल्याला आणला. दोन दिवस विचारले. कसे विचारले ते त्या काळच्या लोकांना ठाऊक आहे. त्याचे एकच, “त्योच एकदम आडवा आला. म्या सरळ हुतो.”

“सुभेदारांचं तुझ्याशी वाकडं आहे?”

“न्हाई. त्येंच्यावानी खरा माणूस गावात न्हाई.”

“मग तू खोटा.”

तो म्हणाला, “दोनी खरं कसं आसंल त्ये मला ठावं न्हाई, साहेब. पर दोनी खरं हाय.”

बाजूला उभा असलेला ठाण्याचा जमादार हसला. “वकील व्हायचास गड्या, टांगा कशापायी हाकत बसलास?”

त्याची बायको रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसे. एकदा म्हणाली, “आवं साहेब, कुत्रं आडवं आलं तरी आमचं घोडं थांबतंय. माणसावर जाईल व्हय?” मी तिला घरी पाठवली आणि खुनाचे दोषारोपपत्र दाखल केले.

सेशन कोर्टाची तारीख पंधरा दिवसांवर आली. साक्ष उजळून घ्यायला मी सुभेदारांना बोलावले. ते बोलत होते आणि मी सवयीप्रमाणे दोरीला बांधलेली शिट्टी बोटाला अडकवून डावी-उजवीकडे हलवत होतो.

सुभेदार मध्येच थांबून म्हणाले, “शिट्टी कशापायी गोल फिरवताय, साहेब?”

“गोल कुठे? सरळच हलतेय.”

“गोल हाय की. पल्याडनं जाती, अल्याडनं येती.”

जमादार म्हणाला, “सुभेदार, दुपारचीच घेतली काय?”

“तुझ्या बापानं पाजली,” म्हातारा गरजला.

मी हसलो नाही. शिट्टी कंदिलाच्या हुकाला टांगली आणि जमादाराला झोका द्यायला सांगितले. आम्हाला ती सरळ रेषेत हलताना दिसत होती, सुभेदारांना गोल. त्यांना उजवा डोळा झाकायला सांगितला.

“आता सरळ हाय,” ते म्हणाले. मग हळू आवाजात, “ह्या डोळ्यात जरा सारा आलाय, अंधुक दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी मी एकटाच सांगलीला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेचा तुकडा दिव्यावर काजळला, माझ्या उजव्या डोळ्यापुढे धरला आणि दोऱ्याला अंगठी बांधून हलवली. अंगठी माझ्यासमोर गोल फिरू लागली. काच काढली, सरळ झाली.

ते म्हणाले, “मोतीबिंदूमुळे त्या डोळ्याला उजेड कमी मिळतो. उजेड कमी, की दिसायला उशीर. पापणी लवायलासुद्धा जास्त वेळ लागतो, इतका थोडा. वस्तू उभी असेल तर फरक कळत नाही. पण ती आडवी चालली असेल, तर चांगला डोळा ती आत्ता आहे तिथे दाखवतो आणि अंधुक डोळा मघाशी होती तिथे. मेंदू दोन्ही जुळवायला जातो आणि तिला लांब ढकलतो, नाहीतर जवळ ओढतो.”

“आणि उजवीकडून डावीकडे जाणारा टांगा?”

“उजवा डोळा अंधुक असेल तर लांब गेल्यासारखा दिसेल. अगदी समोर आला की जास्तच, कारण तेव्हा तो डोळ्यांपुढून सगळ्यात वेगाने सरकतो.”

“म्हणजे एकाच घटनेच्या दोन वर्द्या. एक तारेने आलेली, एक टपालाने.”

“अगदी. आणि आतला फौजदार दोन्ही एकाच वेळच्या समजतो.” ते हसले. मग कागद पुढे ओढून म्हणाले, “लिहून देऊ?”

मी म्हणालो, “साहेबांना विचारून कळवतो.”

विचारले नाही. कळवले नाही. केस डायरीत त्या दिवशी ‘गस्त’ लिहिले. वरिष्ठांना त्या दिवसांत एक तरी शिक्षा हवी होती, आणि मला बढती. जमादाराने शिट्टीचा विषय पुन्हा काढला नाही. मी स्वतःला सांगितले, की डोळ्याचे वकील विचारील. वकिलाने विचारले नाही. सुभेदारांनी शपथेवर, दिसले तेच सांगितले. टांगेवाल्याला जन्मठेप झाली. तिसऱ्या वर्षी तो तुरुंगात तापाने गेला. बायकोने घोडा कधी विकला, मला माहीत नाही. पायरीवर मात्र ती पुन्हा दिसली नाही.

नोकरीत मी पुष्कळ खोटे साक्षीदार पकडले. खरा माणूस चुकीचे सांगू शकतो, हे या केसने शिकवले. आणि ते कळल्यावर गप्प बसणारा मी होतो, सुभेदार नव्हे.

गेल्या वर्षी माझ्याही उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. शिट्टी अजून माझ्याकडे आहे. खिडकीच्या गजाला टांगून झोका देतो. ती पलीकडून जाते, अलीकडून येते. उजवा डोळा झाकला, की सरळ होते.

तपास अधिकारी म्हणून माझा हा पुरवणी जबाब, फार उशिरा पोचलेला. टांगा सरळ चालला होता.