प्रश्न मुलं विचारतील

"मावशी, प्रश्न मुलं विचारतील. तुम्ही फक्त उत्तरं द्या."

हे माझ्या आईला ऐकवलं गेलं. तिच्याच घरात, बुवापाड्याच्या वस्तीतल्या आमच्या एका खोलीत. ऐकवणाऱ्या आमच्या विभागप्रमुख मॅडम. मी त्यांच्या बाजूला उभी होते, त्यांची पर्स धरून.

झालं होतं असं. विद्यापीठानं सगळ्यांना सक्तीच्या विषयांचा अभ्यासक्रम नव्यानं करायला घेतला. कॉमर्स असो की सायन्स, प्रत्येक पोरानं शिकायचे ते विषय. त्यातला एक समाजाची ओळख. पोरांनी वस्तीत जायचं, प्रश्न विचारायचे, मार्क घ्यायचे. समितीच्या अध्यक्ष मॅडम. त्यांनी मलाही घेतलं. मी उल्हासनगरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर. शिकवला तास तर पैसा, सुट्टीत ठणठणपाळ. समितीत नाव आलं म्हणून केवढी हरखले होते! त्यांना माझी अक्कल नको होती, माझा पत्ता हवा होता.

नमुन्यादाखल पहिली भेट आमच्याच घरी ठरली. आईनं ठेवणीतली साडी नेसली. मॅडमनी आणलेली पोरं चपला घालूनच आत आली. एका पोरीनं विचारलं, रोज आंघोळ करता का. आई हसून हो म्हणाली. मग विचारलं, काम काय करता. आईनं सांगितलं, उभा जन्म सोसायट्यांमध्ये भांडी घासली. आणि सहज, गप्पा मारतात तसं, तिनं विचारलं, "तुझ्या घरी कोण घासतं गं?"

पोरगी गोंधळली. मॅडम मध्ये पडल्या आणि ते वाक्य बोलल्या. त्यानंतर आईनं विचारलं तेवढंच सांगितलं. सगळे गेल्यावर मला म्हणाली, "माझं काही चुकलं का गं?"

माझं डोकंच फिरलं. चुकलं तिचं?

पुढच्या बैठकीत मी तोंड उघडलं. म्हटलं, माझ्या वर्गातली निम्मी पोरं अशाच खोल्यांत राहतात. त्यांनी समाज बघायला कुठं जायचं? त्यांना चिखलोलीच्या नव्या टॉवरमध्ये पाठवा. विचारू देत, कामवालीचा कप वेगळा का, तिला लिफ्ट वेगळी का. एका सरांना हसू आवरेना. दुसरे गंभीरपणे म्हणाले, लोकांच्या खासगी आयुष्यात असं डोकावता येत नाही.

म्हणजे आमचं आयुष्य खासगी नाहीच. चव्हाट्यावरचं ते.

मॅडम मात्र मायेनं बोलल्या. "अगं, तू शिकलीस, वर आलीस. तू आता त्यांच्यातली थोडीच आहेस?" आणि अभ्यासक्रम मंजुरीच्या ठरावाचा कागद पुढे सरकवला. बाकीच्यांच्या सह्या झालेल्या. माझ्या नावाखाली छापलं होतं, वस्तीचे प्रतिनिधी.

समितीत चहा पिताना मी मॅडमच्यातली, सही करताना वस्तीतली. वा रे वा! मी पेन खाली ठेवलं आणि उठले.

त्यानं काय झालं? काही नाही. अभ्यासक्रम तात्पुरता म्हणून सुरू झाला. जूनमध्ये माझे तास दुसऱ्याच बाईला गेले. पोरं आळीत येतात, फोटो काढतात, बिस्किटं वाटतात, बाया दार उघडतात. शेजारीण मला म्हणाली, तुझ्या ताठ्यापायी आमच्या नळाचं राहिलं, मॅडम नगरपालिकेत शब्द टाकणार होत्या. तिला तरी काय बोलू? पाणी तिलाच भरावं लागतं. माझ्याच वर्गातली पोरं आता मार्कांसाठी स्वतःच्याच आळीत फिरतात आणि शेजारच्या काकूला विचारतात, रोज आंघोळ करता का. बघवत नाही मला.

मी सध्या शिवमंदिराजवळ एका क्लासमध्ये शिकवते. भागत नाही. हे बदलेल असंही वाटत नाही.

परवा मॅडमचा फोन आला. अभ्यासक्रम आता कायमचा मंजूर करायचाय, वस्तीच्या प्रतिनिधीची सही हवी. सही कर, तास परत देते म्हणाल्या. आई समोर बसून ऐकत होती.

मी म्हटलं, "सही देणार नाही."

"मग मला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल."

"शोधा," म्हटलं.

मिळेल त्यांना. आमच्यात गरजू माणसांना काय तोटा? पण माझ्या आईच्या घरात चपला घालून शिरायची परवानगी माझ्या हातानं कुणाला मिळणार नाही. उपाशी मेले तरी नाही.