कडक भाकरी मोजलीच नव्हती

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

भात सोडला तरी रक्तातली साखर उतरेना. आज डॉक्टरांनी विचारलं, "भाकरी किती खाता?" मी म्हणालो, "दिवसाला एकच." शेजारी बसलेली बायको म्हणाली, "आणि आमटीत चुरता त्या कडक भाकऱ्या?"

पापडासारख्या असतात, त्या मी कधी मोजल्याच नव्हत्या.

डॉक्टर म्हणाले, "वाळली म्हणून ज्वारी कमी होत नाही. रोज निभेल तेवढंच ठरवा." मी दोन ठरवल्या, कडक धरून.

दुपारी गिरणीच्या भोंग्याला जेवायला बसलो. दिवसाच्या दोन्ही तिथंच संपल्या, हात टोपलीकडं वळला. बघतो तर बायकोही दोनवरच थांबलेली.

"तुला कुठं साखर हाय?"

"तुमच्यासमोर तिसरी घशाखाली उतरंल का मला?"

माझं प्रमाण ठरलं. तिला पोटभर कसं जेवायला लावू, सांगा.