रिकामा खण

मुलीकडे अमेरिकेत गेलो, की शेजारचे म्हातारे वॉल्टर मला त्यांच्या जुन्या कॉलेजात ओढत नेत. तिथल्या काचेच्या कपाटात संघाने जिंकलेल्या प्रत्येक अमेरिकन फुटबॉल सामन्याचा, हातात धरून पळायचा तो लांबट चेंडू ठेवलेला असे, वर गुण रंगवलेले. महायुद्धानंतरच्या पहिल्या हंगामाचा खण मात्र रिकामा. त्या वर्षी वॉल्टर संघात होते, आणि संघ एकही सामना जिंकला नव्हता.

"शेवटच्या सामन्यात चेंडू माझ्या हातात आला होता," ते चिडून सांगत. "गोलरेषा चार पावलांवर, आणि सुटला!"

दर खेपेला हेच. मी वैतागून जाई. हा माणूस लढाईवरून परतलेला. त्याचे कितीतरी जुने सोबती परतलेच नाहीत. आणि पन्नास वर्षं याला सलतंय काय, तर एक चेंडू! माणसाचा संताप किती क्षुल्लक गोष्टीला चिकटून बसतो, असं मनात येई. एकदा न राहवून मी विचारलंच, "आणि युद्धाचं काय?"

त्यांनी काचेवरचा हात काढून घेतला.

"त्याबद्दल कोणावर ओरडू?" ते म्हणाले. "चेंडू निदान माझ्या हातून सुटला होता."