औरंगाबाद ते उदयपूर: दोन तिकिटं, एक जागा

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. मी शेवगावात हायस्कूलवर मास्तर होतो. शनिवारी दुपारी उदयपूरहून दाजींची तार आली: अक्का गंभीर, आबांना घेऊन ताबडतोब या. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दाजी तिकडे खाणीच्या ऑफिसात नोकरीला, म्हणून ती इतक्या लांब. आबा आमचे वडील. अक्कानं आबांना बोलावलं होतं, मला नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

रेल्वेनं जायचं तर मनमाड, खंडवा, रतलाम, चित्तोड अशी गाड्या बदलत दोन-तीन दिवसांची रखडपट्टी. पण औरंगाबादेत एक विमान उतरायचं. मुंबईहून यायचं, अजिंठा-वेरूळचे पाहुणे घ्यायचं आणि तिथून मध्ये कुठंही न थांबता थेट उदयपूर. दोन तिकिटांत माझा महिन्याचा पगार गेला. आईला गुडघ्यांनी जखडलेलं, ती घरीच राहिली.

पहाटेच्या एसटीनं निघालो. रस्ता खडीचा, अंग खिळखिळं करणारा. दोन्ही बाजूंना दुष्काळी कामावर आलेल्या बाया डोक्याला पदर गुंडाळून खडी फोडत होत्या. पैठणला गोदावरी ओलांडली तेव्हा पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त होती. स्टँडवर चहा आणि शेव घेतली. आबांनी चहासुद्धा अर्धाच प्यायला. "इमानात लघवीला झाली म्हंजी?" म्हणाले. मला हसू आलं, त्यांना नाही.

चिकलठाण्याचा विमानतळ तेव्हा एखाद्या बऱ्यापैकी डाकबंगल्याएवढा होता. तिथं सामानाबरोबर माणसांचंही वजन करत. काट्यावर उभे राहिल्यावर आबा म्हणाले, "बाजार समितीत कापूस घालतेत तसंच हाय की हे." मुंबईचं विमान उशिरा आलं, तोवर बारा वाजून गेले. मग एक अधिकारी कागद घेऊन आमच्याकडेच आला.

"तुमच्यापैकी एकालाच नेता येईल," तो म्हणाला. "ऊन फार आहे. तापलेल्या हवेत विमान जास्त वजन उचलत नाही. उदयपूरपर्यंत मध्ये कुठं इंधन मिळत नाही, त्यामुळे टाकी भरूनच निघावं लागतं. तुमची तिकिटं सगळ्यात शेवटची. दुसऱ्याला उद्या नक्की पाठवतो."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच बोललो. "आबा, मी जातो म्होरं. डॉक्टरांशी हिंदी-इंग्रजीत बोलावं लागंल. तुमी एकटे कुठं चुकला-बिकला तर?"

"तिनं मला बोलावलंय रं," आबा हळूच म्हणाले. मग जरा थांबून, "पर तुला तिथलं कळंल. जा तू. मी उंद्या येतो."

मी दिलेलं कारण खोटं नव्हतं. पण ब्लॉगवर खोटं कशाला लिहू? विमानात बसायची मला भयंकर हौस होती. ती हौस त्या क्षणी माझ्या आत उभी होती आणि तिनं हिंदी-इंग्रजीचं निमित्त पुढं केलं.

खिडकीची जागा मिळाली. विमान दोन पंख्यांचं, कान बधिर करणारं. हवाईसुंदरीनं गोळ्या आणि कानात घालायला कापूस दिला. खाली सातपुडा, मग नर्मदेची बारीक रेघ. मला मजा येत होती, याची आजही लाज वाटते. पावणेदोन तासांत डबोकला, उदयपूरच्या विमानतळावर उतरलो. तारेच्या कुंपणाला लागूनच दाजी उभे होते. विमानाच्या शिडीपासून दाजींपर्यंत शंभर पावलंही नसतील, आणि त्यात हिंदीचा एक शब्द लागला नाही.

दवाखान्यात अक्कानं मला पाहिलं आणि मग माझ्या मागं, दाराकडे पाहिलं.

"आबा?"

"उद्या येत्यात, अक्का."

"बरं," ती म्हणाली. संध्याकाळी तिला जरा हुशारी वाटली. आईनं ज्वारीच्या लाह्यांचं पीठ दिलं होतं. ते ताकात कालवून मी तिला भरवलं. चार चमचे खाल्ले. "आईला म्हनावं, लई ग्वाड लागलं," म्हणाली. आबांचा खोकला विचारला. पहाटे ती गेली.

त्या दिवशी विमान वेळेवर आलं. आबा शिडीवरून उतरले, धोतर स्वच्छ, डोक्याला ठेवणीतला पटका. मला बघताच लांबूनच म्हणाले, "आरं, काय बी अवघड न्हाई! त्या पोरीनं पट्टा सुदिक बांधून दिला." मग जवळ आले. माझं तोंड पाहिलं. मला काही बोलावं लागलं नाही. त्यांनी पटका काढून हातात घेतला आणि तिथंच, त्या डांबरावर बसले. मला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दाजींनी दुपारपर्यंत सगळं थांबवून ठेवलं होतं. आबांना मुलीचा चेहरा तेवढा दिसला.

उदयपूरचे तलाव मी पाहिले नाहीत, त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणाचं वाचा. माझा सल्ला एवढाच, की उन्हाळ्यात छोट्या विमानतळावरून लांब जायचं असेल तर सकाळचं विमान घ्या. आणि ज्याला बोलावलंय त्याला आधी बसवा.

परतताना रेल्वेच धरली. गाडीत आबा एकच विचारत राहिले. अक्का उठून बसली होती का? किती चमचे खाल्ले? काय म्हणाली, जशाच्या तसं सांग. मी सांगितलं. रतलामच्या पुढं पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं.

घरी आई ओट्यावर बसली होती. मृत्यूची तार तिला मिळाली होती, पण आम्ही वेगवेगळे पोचलो हे तिला ठाऊक नव्हतं. रडून झाल्यावर तिनं आबांना विचारलं, "तुमची गाठ पडली का तिची?"

"पडली की," आबा म्हणाले. "उठून बसली हुती. तुजं लाह्याचं पीठ म्या ताकात कालवलं. चार चमचं खाल्लं माज्या हातनं. म्हनली, आईला म्हनावं, लई ग्वाड लागलं. माजा खोकला इचारला."

आईनं पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडे वळली. "व्हय रं?"

आबा माझ्याकडे बघत नव्हते. खाली, ओट्याच्या दगडाकडे बघत होते.

"व्हय, आई," मी म्हणालो. "मी भाईरच हुतो. आबाच हुते तिच्यापाशी."

आबा आणि आई दोघंही आता नाहीत. ती संध्याकाळ माझी होती असं मी तेव्हापासून कुणाला सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदाच लिहितोय.