पन्नासपैकी चार माणुसकी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, चहा यायच्या आत. कारण शेवटाकडे कुणी हसलं की मला राग येतो. वय तेहेतीस, नोकरी रत्नागिरीत, मुंबईला खोली नाही. अकरा मुलींनी नाही म्हटलेला माणूस मी. बाराव्या ठिकाणी चक्क हो आलं होतं, आणि तिथे मी काय दिवे लावले ते ऐका.

आम्ही चौघे मित्र दर रविवारी दुपारी बंड्याच्या माडीवर एक खेळ खेळतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. शंभर वर्षांनंतरचं जग, त्यात प्रत्येकाचा एक माणूस, फासे टाकायचे आणि आपल्या माणसाचं पुढे काय होतं ते बोलायचं. खेळ चालवतो बंड्या. नियमही त्याचेच.

त्यात शरीरात यंत्रं बसवून घेता येतात. यंत्राचा डोळा घ्या, अंधारात दिसतं. यंत्राचा हात घ्या, दरवाजा बिजागरीसकट उपटता येतो. पण फुकट काही नाही. सुरुवातीला प्रत्येकाला पन्नास माणुसकी मिळते आणि दर यंत्रामागे ती कमी होत जाते. शून्यावर आली की तुमचा माणूस हा माणूस राहत नाही, तो बंड्याच्या ताब्यात जातो. कायमचा.

माझा माणूस दोन वर्षं टिकला होता. नावही मी माझंच दिलेलं, विवेक. दुसरं सुचलं नाही. आता हाव कुणाला सुटत नाही सांगा? डोळा घेतला, बारा गेले. डावा हात, अठरा. फुप्फुस, चौदा. मग एक कान दिसला, भिंतीपलीकडचं ऐकू येणारा, तो सोडवेना. दहा. घरी येऊन बेरीज केली. चोपन्न. म्हणजे उणे चार. म्हणजे विवेक गेला.

मी काय केलं? काही नाही हो. नुसती उण्याची रेघ काढली नाही. ‘शिल्लक माणुसकी: ४’. बंड्याचं गणित शाळेपासून कच्चं, तो ‘बरं’ म्हणाला. एवढीशी रेघ, पण ती लक्षात ठेवा.

आईला या खेळाचा भयंकर राग. ‘तेहेतीस वर्षांचा घोडा झालास मेल्या, फासे कसले खेळतोस?’ म्हणून तो कागद मी लांब पाकिटात घालून देव्हाऱ्यामागे लपवायचो. आणि माझी पत्रिका? तीही तसल्याच पाकिटात, देव्हाऱ्यापुढे. मागे आणि पुढे. एवढंच अंतर.

खेडकडचं स्थळ आलं. मुलीचे वडील तात्या, निवृत्त शिक्षक. त्यांनी पत्रिका आणि मुलाची माहिती मागवली. आईने आदल्या दिवशी देव्हारा पुसताना दोन्ही पाकिटं एकत्र ठेवली असणार. सकाळी कामावर जायच्या घाईत मी वरचं उचललं, आईने कोपऱ्याला कुंकू लावलं, आणि मी माझ्या हाताने ते खेडच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जागाच ठेवली नाही.

आठवडाभराने तात्यांचा फोन. आवाज भरून आलेला.

“पाकीट मिळालं. घरात सगळ्यांनी वाचलं. दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. शेवटी गावदेवीला कौल लावला, विवेकराव. देवीने उजवा दिला. रविवारी येतो.”

उजवा कौल म्हणजे देवीचा होकार. पत्रिकेसाठी एवढं? मंगळ बिंगळ असेल म्हटलं.

रविवारी तात्या आणि त्यांची मुलगी शुभदा, दोघंच आली. मी बेड्याजवळ, अंगणाच्या फाटकाशी, घ्यायला गेलो, तर तात्यांनी माझाच दंड धरला.

“सावकाश हां. दम लागत असेल.”

“नाही हो.”

“लागला तरी लाजायचं नाही.”

हे सगळं मोठमोठ्याने, माझ्या कानाशी. शुभदाने चहाचा कप उचलून माझ्या उजव्या हातात दिला, अगदी जपून. अकरा नकारांत असं कुणी माझ्याशी वागलं नव्हतं. खरं सांगतो, मी तिथेच विरघळलो.

तात्या आईला म्हणाले, “वहिनी, एवढं सगळं आधी कळवायला मोठं मन लागतं.”

“आमच्याकडे लपवालपवी नाही हो,” आई म्हणाली. कशाबद्दल ते तिला ठाऊक नव्हतं, पण कौतुक सोडते कशाला?

तात्या माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते. “बेमालूम काम केलंय. कुठला हो?”

“काय कुठला?”

“डोळा.”

आणि त्यांनी खिशातून कागद काढला. कोपऱ्याला कुंकवाचं बोट, खाली माझं अक्षर. डोळा यंत्राचा. डावा हात यंत्राचा. फुप्फुस. कान. आईने तो वाचला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“विवेक, तुझं फुप्फुस कुठाय?”

“आणि हे शेवटचं वाचून तर शुभदा हो म्हणाली,” तात्या म्हणाले. “माणुसकी, पन्नासपैकी चार. स्वतःला इतके कमी गुण देणारा मुलगा हल्ली कुठे मिळतो?”

मग मी सगळं सांगितलं. बंड्या, माडी, फासे. बाही वर करून हात दाखवला. एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी वाचली. तात्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “म्हणजे सगळं शाबूत आहे? मग तर दुधात साखर.” आई आंबावड्या आणायला उठली. फार तर दीड मिनिट असेल, पण त्या दीड मिनिटात माझ्याएवढा सुखी माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता.

शुभदाने कागद हातात घेतला. ती जमीन मोजणीच्या कार्यालयात आहे, दिवसभर हेक्टर आणि आर जुळवते.

“शून्य झालं की काय होतं?” तिने विचारलं.

“माणूस जातो. बंड्याकडे.” मी उत्साहाने सांगितलं. गाढव.

तिचं बोट प्रत्येक यंत्रापुढच्या आकड्यावरून खाली खाली आलं. “बारा, अठरा, चौदा, दहा. चोपन्न होतात. मग इथे चार कसे?”

“रेघ राहिली असेल.”

“राहिली, की काढली नाहीत?”

इथे खोटं बोलायला हवं होतं. पण तिने कप ज्या हातात दिला होता तो हात बघून मला ते जमेना. “काढली नाही,” मी म्हणालो.

तिने कागदाची नीट घडी घातली. “हात नसता तरी चाललं असतं. घरात भांडून हो म्हटलं होतं मी. वाटलं, आपली कमतरता आपण होऊन लिहून देतोय.”

“अगं, पण देवीने उजवा दिलाय,” तात्या म्हणाले.

“तो हात नसलेल्याला दिलाय, तात्या.”

आंबावड्या तशाच राहिल्या. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बोलली, ते न बोलती तर बरं.

पुढच्या रविवारी बंड्याच्या माडीवर मी सगळं सांगून टाकलं. रडलोही थोडा. बंड्याने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा पुढे केला. “कागद दे.”

विवेक आता बंड्याकडे आहे. परवा खेळात बंड्याने त्याचं लग्न लावून दिलं. मुलगी खेडकडची आहे म्हणाला.