निंबाची काठी

पहिल्याच भेटीत निंबा पाटलाने माझा खून केला. मी वाचलो, हा त्याच्या दृष्टीने कामातला हलगर्जीपणा होता.

प्लेग ओसरल्यावर आमच्या सुरतेच्या विद्यापीठाला हिरवाईचे वेड लागले. समिती बसली, कडुनिंबाची रोपे लागली आणि राखणीला रोजंदारीवर हा खानदेशी पहिलवान आला. सगळी रोपे वर्षभर जगली तर नोकरी कायम, असे ठरले. मी दातणाला काडी मोडायला गेलो आणि बरगडीत काठी बसली. पुढे बकऱ्या, विद्यार्थी, प्राध्यापक, सगळ्यांनी ती खाल्ली.

वर्ष भरत आले आणि पाडव्याला एका रोपाचा शेंडा गायब! चोराला फाडून खायला निघालेला निंबा स्वतःच्याच दारात थबकला. गुढीला तोच शेंडा होता.

"कोणी तोडला?"

"मी तोडा," बायको कलाबाई म्हणाली. "सणले परका निंब कसाले? हाऊ तुमना हातना शे ना!"

निंबाने काठीने गुढीचा तांब्या चेपला. कलाबाईने गुढीचा बांबू उपसून त्याच्या टाळक्यात हाणला. "आते तुमलेच बांधस!"

चार टाके पडले.

रोप जगले. पण टाक्यांची चौकशी झाली आणि राखणदाराच्याच घरी शेंडा सापडला म्हणून समितीने निंबाला कामावरून काढले. तो आता कतारगामला कापडाच्या लूमवर मजुरीला जातो.